चित्रकलेने पोट भरते का?

सदरमधली आमची शेजारीण परवा म्हणाली, "गुरुजी, पोरगा चित्रकला शिकतो म्हणते. त्यानं पोट भरन का?"

मी तिला रझांची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

सैयद हैदर रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यात, बाबरिया गावी जन्मले. वडील जंगलखात्यात नोकरीला. शाळेत मुलाचे लक्ष लागेना. तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक टिंब काढले आणि त्याकडे बघत बसायला सांगितले.

१९३९ साली रझा नागपूरच्या कलाशाळेत आले. इथे शिकून मुंबईस गेले. तिथे छपाईचे ब्लॉक करणाऱ्या स्टुडिओत त्यांना काम मिळाले. शिकलेल्या हातानेच भाकरी दिली. पुढे जे. जे. कलाशाळेत शिकले. १९५० साली फ्रान्सला गेले.

लहानपणचे ते टिंब पुढे त्यांच्या चित्रांत उतरले. 'बिंदू' म्हणून ते जगभर गाजले. २०१० साली लंडनमध्ये त्यांचे एक चित्र १६ कोटी रुपयांवर विकले गेले!

आता सगळेच काही रझा होत नाहीत. पण कामे पुष्कळ आहेत. पुस्तकातली चित्रे, जाहिराती, साडीची नक्षी, लग्नाचे फोटो. हे सारे शिकूनच येते. नागपुरात त्यासाठी शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. आधी शाळेतूनच एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देता येतात.

शेजारीण उठली. म्हणाली, "मंग आजच त्याले कागद अन् रंग आणून देतो."