तीन नद्यांचा स्पेन

युरोपला जायचं ठरलं की आपल्या घरांत आधी शहरांची यादी होते. स्पेन असेल तर माद्रिद, बार्सिलोना, फार तर सेव्हिल. घरातल्या कुणाच्या गळ्यात दुर्बीण असेल, तर यादीच्या तळाशी ‘एक दिवस पक्ष्यांसाठी’ अशी ओळ येते. हा एक दिवस कुणाच्याच कामी येत नाही. पक्षीवाला अंधारात उठून लांब कुठेतरी जातो आणि ऊन चढल्यावर पोचतो. इतिहासवाले हॉटेलात ताटकळत बसतात आणि संध्याकाळी सगळेच एकमेकांवर करवादलेले असतात.

त्यापेक्षा नकाशावर आधी नद्या शोधाव्यात. जुनी शहरं नदीच्या वळणावर, कड्यावर किंवा पुलापाशी वसली, आणि पक्ष्यांनाही याच जागा लागतात. नैर्ऋत्य स्पेनमध्ये तर हे हिशेब मांडून ठेवल्यासारखं जमून आलं आहे. ताहो नदी तोलेदोला तीन बाजूंनी वेढा घालते आणि पुढे मोनफ्राग्वेच्या गिधाडांच्या कड्याखालून जाते. ग्वादियानावर रोमनांचं मेरिदा आहे. ग्वादलकिवीर कोर्दोबा आणि सेव्हिल घेऊन दोन्यानाच्या दलदलीपाशी समुद्राला मिळते. या तीन नद्यांच्या काठाकाठाने दोन आठवड्यांची सहल आखली, तर शहराचा दिवस आणि पक्ष्यांचा दिवस असे वेगळे दिवस काढावेच लागत नाहीत. बार्सिलोना यात बसत नाही. ते दुसऱ्या टोकाला आहे आणि माझं मत विचाराल तर या खेपेला ते खुशाल गाळावं.

तारीख मात्र पक्ष्यांना ठरवू द्यावी. एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेचा पहिला आठवडा हा सर्वांत चांगला काळ. आफ्रिकेतून वेडे राघू आणि नीलपंख परत आलेले असतात, करकोच्यांच्या घरट्यांत पिल्लं असतात, माळ फुलांनी भरलेले असतात आणि हवा सोसण्यासारखी असते. जुलै-ऑगस्टमध्ये याच भागात पारा चाळिशी गाठतो. दिवाळीच्या सुट्टीतच जायचं असेल तरी हरकत नाही. ऑक्टोबरअखेरपासून उत्तर युरोपातले क्रौंच एक्स्त्रेमादुरा प्रांतात उतरू लागतात, आणि हिवाळ्यात त्यांची संख्या लाखाच्या वर जाते.

वसंतातल्या सहलीत सणांचं पंचांग मात्र बघावं लागतं. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात सेव्हिलमध्ये रात्रंदिवस मिरवणुका असतात, खोल्यांचे भाव कुठल्या कुठे जातात आणि जुन्या गल्ल्यांतून सामान घेऊन चालणं अशक्य होतं. दोनेक आठवड्यांनी तिथेच एप्रिलची जत्रा भरते. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास दोन्यानाच्या कडेचं एल रोसियो हे चिमुकलं गाव यात्रेकरूंनी ओसंडून वाहतं. पंढरपुरात आषाढीला जाऊन चंद्रभागेकाठी शांतपणे बगळे बघेन म्हणण्यासारखंच ते. तिकिटं काढण्याआधी या तीन तारखा तपासल्या की निम्मी आखणी झाली.

माद्रिदला उतरल्यावर तिथे फार रेंगाळू नये. तोलेदो रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. बहुतेक पर्यटक सकाळी येऊन संध्याकाळी परततात. आपण मात्र तिथे रात्री राहावं. व्हिसिगॉथ राजांची ही राजधानी. पुढे मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती अशा तिघांनी या एकाच टेकडीवर आपापली घरं आणि देवळं बांधली. चित्रकार एल ग्रेको इथेच राहिला आणि इथेच वारला. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर अल्कांतारा पुलावर उभं राहावं. खाली ताहो, वर दगडी तट आणि मधल्या हवेत चिरचिरत घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या.

पुढच्या टप्प्याला गाडी लागते. महाराष्ट्रात आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. तिकडे रस्त्याची उजवी बाजू आपली असते, आणि भाड्याच्या गाड्या बहुधा हातगिअरच्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवावं लागतं. रस्ते उत्तम आहेत. खरी अडचण येते ती जुन्या गावांच्या बोळांत. गाडी वेशीबाहेर लावून सरळ चालत जावं.

त्रुहियो कुठल्याच नदीवर नाही. ते माळावरच्या एका खडकाळ टेकाडावर आहे, आणि तरी चार रात्री मी याच गावाला देईन. इंका साम्राज्य बुडवणारा फ्रान्सिस्को पिसारो इथला. चौकात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे, आणि पेरूतून आलेल्या सोन्याचांदीवर उभ्या राहिलेल्या हवेल्या चौकाभोवती आहेत. चर्चच्या मनोऱ्यांवर पांढऱ्या करकोच्यांची घरटी आहेत. एकेक घरटं वर्षानुवर्षं काटक्यांची भर पडून खाटेएवढं झालेलं. जरा निरखून पाहिलं तर त्या काटक्यांच्या खालच्या मजल्यावर चिमण्यांचे संसार दिसतात. वर करकोचा मान पाठीवर टाकून चोच खडखडवतो, तळमजल्यावर चिमण्यांची ये-जा चालू असते. घरमालक आणि भाडेकरू दोघंही खूश.

गावाच्या कडेला बैलझुंजीचं जुनं गोल रिंगण आहे. बैलझुंज मला बघवणार नाही, पण या इमारतीच्या कौलांकडे मात्र तासभर बघत बसता येतं. आपल्याकडे हिवाळ्यात माळावर हवेत एकाच जागी पंख फडफडवत उभा राहणारा खरूची अनेकांनी पाहिला असेल. त्याचा धाकटा भाऊ, लेसर केस्ट्रेल, या कौलांखाली वसाहत करून राहतो. नराची पाठ विटकरी, डोकं राखी-निळं. नाकतोडा किंवा गोम पायात धरून तो येतो, कौलाच्या कडेवर क्षणभर थांबतो आणि फटीत शिरतो. एवढ्या एका छपरासाठी ही इमारत युरोपीय कायद्याखाली पक्षी-संरक्षित क्षेत्र म्हणून नोंदलेली आहे. लोक राहत्या गावातल्या इमारतीला असा दर्जा देतात, आणि कौलं दुरुस्त करताना पाखरांच्या फटी शाबूत ठेवतात, ही गोष्ट आपल्या नगरपालिकांनी बघण्यासारखी आहे.

त्रुहियोच्या भोवतालच्या माळावर पहाटे जायचं ते माळढोकासाठी. हा आपला माळढोक नव्हे, त्याचा युरोपीय भाऊबंद. पण नर तसाच दांडगा, आणि जगातल्या एकूण संख्येपैकी निम्म्याहून जास्त एकट्या स्पेनमध्ये. वसंतात नर शेपूट पाठीवर उलटी टाकतो, पंख मुरडून आतली पांढरी पिसं बाहेर काढतो आणि दोन मिनिटांत तपकिरी पक्ष्याचा पांढराशुभ्र गोळा होतो. मैलभरावरूनही तो दिसतो. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात 1979 पासून आपण ज्याच्यासाठी माळ राखून ठेवला, तो माळढोक आज तिथे नावापुरता उरला आहे. त्यामुळे मराठी माणसाला इथे आनंद होतो, आणि हेवाही वाटतो. पण स्पेनमध्येही सगळं आलबेल नाही. छोटा माळढोक तिथे झपाट्याने घटतो आहे, आणि कारणं आपल्या ओळखीचीच: पडीक जमिनी लागवडीखाली आल्या, पिकं बदलली, औषधांची फवारणी वाढली.

आता मोनफ्राग्वे. त्रुहियोहून ते तासाभरावर आहे, राष्ट्रीय उद्यान म्हणून 2007 मध्ये घोषित झालेलं. ‘साल्तो देल हितानो’ म्हणजे जिप्सीची उडी नावाच्या जागी रस्त्यालगतच थांबा आहे, समोर ताहोपलीकडे उभा कडा आहे आणि कड्याच्या कपारींत ग्रिफन गिधाडांची वसाहत. सकाळी ती दगडावर बसून असतात. ऊन तापलं, हवा वर उठू लागली की एकेक गिधाड कडा सोडतं. गंमत अशी की आपण उंचावर असतो आणि काही गिधाडं खाली नदीवर असतात, त्यामुळे त्यांच्या पाठी दिसतात: वाळूच्या रंगाची पाठ, काळसर पिसांची झालर, आणि खाली पाण्यावरून सरकणारी सावली. मग तीच गिधाडं चक्कर घेत वर येतात, डोळ्यांसमोरून जातात. पिसांतून वाऱ्याचा सूं असा आवाज ऐकू येतो. इथे पहाटे धावत येण्याची काही गरज नाही. गिधाडं साडेनऊ-दहाशिवाय उठत नाहीत.

याच उद्यानात काळ्या गिधाडांच्या जगातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक आहे, काळे करकोचे आहेत, पांढरी गिधाडं आहेत आणि स्पॅनिश इम्पीरियल गरुड आहे. या गरुडाच्या 1960 च्या दशकात जेमतेम तीसेक जोड्या राहिल्या होत्या. आता आठशेच्या वर आहेत. विजेचे खांब सुरक्षित करणं, विष घालणाऱ्यांना शिक्षा आणि सशांची काळजी अशा कंटाळवाण्या कामांतून हे झालं.

गिधाडांच्या बाबतीत आपला आणि स्पेनचा एक दुवा आहे, आणि तो कडू आहे. आपल्याकडची गिधाडं 1990 च्या दशकात कोसळली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे त्यामागचं कारण 2004 मध्ये सिद्ध झालं आणि 2006 मध्ये भारताने पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. एवढं सगळं जगासमोर असताना स्पेनने 2013 मध्ये हेच औषध जनावरांसाठी मंजूर केलं! पुढे तिथे एक काळं गिधाड या औषधाने मेल्याचं आढळलं. त्याआधी, मॅड काऊ रोगाच्या धास्तीने मेलेली जनावरं उघड्यावर टाकायला युरोपात बंदी आली आणि स्पेनची गिधाडं उपाशी पडली होती. नियम पुन्हा सैल करावे लागले. आज स्पेनमध्ये ग्रिफनच्या तीस हजारांवर जोड्या आहेत. हे माहीत असलं की कड्यासमोरचा तो तास निव्वळ फोटोंचा राहत नाही.

जेवणाचं थोडं सांगायला हवं. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे आहे. 1940 मध्ये हुकूमशहा फ्रँकोने ते मध्य युरोपाच्या वेळेला जोडलं आणि ते तसंच राहिलं. त्यामुळे एप्रिलच्या मध्यावर त्रुहियोत सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो आणि नऊपर्यंत मावळत नाही. पक्षीवाल्यांना हे फार सोयीचं. सातला उठलं तरी पहाट गाठता येते, दुपारी दोन ते पाच दुकानं आणि पुष्कळशी चर्चेस बंद असतात तेव्हा झोप काढता येते, आणि रात्रीचं जेवण नऊच्या आत मिळत नाही म्हणून संध्याकाळही मोकळी. शाकाहारी माणसाची थोडी परीक्षा होते, कारण हा डुकराच्या हॅमचा प्रांत. पालक-चण्याची भाजी, टोमॅटो चोळलेला पाव, साल्मोरेहो नावाचं टोमॅटोचं थंडगार सूप यांवर निभतं. फक्त ‘सिन हामोन’, म्हणजे हॅमशिवाय, हे दोन शब्द पाठ करावेत. तोर्ता देल कासार नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज जरूर खावं. त्याचं विरजण काटेरी रानझुडपाच्या फुलांचं असतं, प्राण्याच्या जठराचं नव्हे.

मेरिदाला एक-दोन रात्री पुरतात. इसवीसनपूर्व 25 मध्ये ऑगस्टसने निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं हे शहर. रंगमंदिर अजून नाटकांसाठी वापरतात; पडक्या जलवाहिनीच्या खांबांवर करकोचे बसतात. पण खरी मजा रोमन पुलावर. जवळजवळ 800 मीटर लांब, आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. खालच्या बेटांवरच्या वेतात जांभळ्या पाणकोंबड्या, गायबगळे, रातबगळे. ज्याला पूल बघायचाय त्याने पूल बघावा, ज्याला पक्षी त्याने पक्षी. दोघं एकाच बाकावर बसू शकतात.

तिथून एल रोसियो. रस्त्यांवर डांबर नाही, वाळू आहे, आणि घरांपुढे घोडे बांधायचे दांडे. चर्चसमोरच तळं आहे: रोहित, चमचे, मोरशराटी. दोन्यानाच्या आतल्या भागात मात्र परवानाधारक गाड्यांतूनच जाता येतं आणि जागा आधी राखून ठेवाव्या लागतात. पाऊस कसा झाला ते निघण्यापूर्वी जरूर विचारावं. दुष्काळ आणि स्ट्रॉबेरीच्या शेतीसाठी होणारा भूजलाचा उपसा, यांमुळे इथलं सांता ओलाया हे मोठं तळं 2022 आणि 2023 अशी लागोपाठ दोन वर्षं आटलं. कोरड्या वर्षी दोन्यानाची एक रात्र कमी करून ती सेव्हिलला द्यावी.

सेव्हिलला गाडी परत करून टाकावी. हिराल्डा हा मुळात मशिदीचा मनोरा, आता कॅथेड्रलचं घंटाघर; वर जायला बहुतेक वाट उताराची आहे, घोड्यावरून चढता यावी म्हणून. रात्री जेवून आल्यावर पुन्हा एकदा तिथे जाऊन मान वर करावी. दिव्यांच्या झोतात येणारे पतंग टिपत लेसर केस्ट्रेल रात्रीसुद्धा शिकार करतात. रेल्वेने पाऊण तासावर कोर्दोबा: आठशेहून जास्त खांबांची मशीद, तिच्या पोटात सोळाव्या शतकात बांधलेलं कॅथेड्रल, आणि बाहेर पुलाखाली नदीतल्या झाडीत बगळ्यांची शाळा. ग्रानादाचा मोह आवरत नसेल तर अलहम्ब्राचं तिकीट बरंच आधी काढावं. ते पासपोर्टवरच्या नावाने आणि ठरलेल्या वेळेचं असतं.

सामानात फार काही लागत नाही. 8 बाय 42 ची दुर्बीण पुरे, ती हातातल्या बॅगेत ठेवावी. फोनमध्ये मर्लिन आणि ई-बर्ड ही पक्षी-निरीक्षणाची अ‍ॅप्स असावीत.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. तीस हजार युरोंचा प्रवास विमा सोबत जोडावा लागतो. मुंबईत स्पेनचा वाणिज्य दूतावास आहे. सहा महिन्यांच्या या हिशेबाने एप्रिलच्या उत्तरार्धात निघायचं असेल तर अर्जाची खिडकी दिवाळीच्या सुमारासच उघडते. फराळ आटोपला की ईस्टरची तारीख बघा आणि अर्जाच्या भेटीची वेळ घेऊन टाका. हिवाळा संपता संपता ती मिळणं अवघड होत जातं.