खर्रा एकटीला लागत नाही, एकटीने सुटतही नाही

सावली तालुक्यात रोवणी सुरू झाली की बायांचे गट सकाळीच बांधीत उतरतात. तासन्‌तास चिखलात वाकून काम करायचे आणि दुपारी शिदोरी सोडायची. मधे थोडा वेळ धुऱ्यावर टेकल्या की एखादीच्या कमरेची खर्ऱ्याची पन्नी निघते आणि हातोहात फिरते. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला हा खर्रा चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाहुणचाराचाच भाग झाला आहे. नको म्हणणारी बाई गर्विष्ठ ठरते. खर्ऱ्याने भूक मरते, त्यामुळे जेवण लांबले तरी चालते. दाढ दुखली की शेजारीणच सांगते, ‘थोडी तंबाखू दाबून धर.’ औषध म्हणून तोंडात गेलेली चिमूट पुढे सवय होते.

आपल्या मुस्लिम घरांतही तंबाखू परकी नाही. दारू हराम आहे म्हणून आपण तिला दारात उभे करत नाही, पण पानाच्या डब्याला आणि खर्ऱ्याला कुणी हटकत नाही. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, अशी कुरआनची ताकीद आहे. ती तंबाखूला लागू होत नाही असे कसे म्हणता येईल? तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. नुसती सुपारीही कर्करोगाला कारण ठरते आणि तिच्यामुळे गालाची आतली कातडी ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. गरोदर बाईच्या तंबाखूची झळ पोटातल्या बाळालाही लागते. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू खाणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे १०० ग्रॅमने कमी आढळले. अशा मातांची दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचे प्रमाणही जास्त होते.

हे सगळे बाईला सांगितले तर ती मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खर्रा खाते. तिला दोष देण्याआधी तिच्या भोवती पाहायला हवे. ज्या सोबतीत सवय लागली ती सोबत तशीच राहिली, तर एकटीचा निश्चय किती दिवस टिकणार?

बाई आपले दुखणे एकटीच सोसते, याचा दाखला वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीतूनच जगापुढे आला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. पुढे याच भागातील ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केले गेले. त्या घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या आणि बालमृत्यू लक्षणीय घटले. आपल्याच आळीतल्या बाईचे बोलणे घरात पटकन ऐकले जाते.

दारू आणि तंबाखूच्या बाबतीतही गडचिरोलीने हीच वाट धरली. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमात गावोगाव संघटना उभ्या राहिल्या आणि व्यसन हा एका घराचा नव्हे, साऱ्या गावाचा प्रश्न मानला गेला.

शेजाऱ्याची एवढी काळजी घेणे आपल्यासाठी नवे नाही. जिब्रील (अलै.) शेजाऱ्याविषयी इतक्या वेळा ताकीद देत राहिले, की शेजाऱ्याला वारसाहक्कही मिळेल असे वाटू लागले, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. हीच हदीस आठवून हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांनी घरी बकरी कापल्यावर विचारले होते, की आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला का? शेजाऱ्याचा हक्क धर्म पाहून ठरत नाही. सावलीसारख्या गावात आपली घरे थोडी आणि शेजार सर्व समाजांचा आहे, म्हणून ही गोष्ट आपण अधिक लक्षात ठेवायला हवी.

मग करायचे काय? दोघी-तिघींनी मिळून एकच दिवस ठरवावा आणि त्या दिवसापासून बंद करावे. पहिले काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, झोप लागत नाही. हा त्रास बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढा वेळ शेजारणीने जवळ बसावे, पाणी द्यावे, भाजलेली बडीशेप किंवा ओवा हातावर ठेवावा, पण सुपारी देऊ नये. आलेल्या पाहुणीपुढे पानाचा डबा सरकवणे थांबवावे. मुलांना खर्रा आणायला पाठवू नये. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे हा कायद्याने गुन्हा आहे.

रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत तंबाखूशिवाय राहणाऱ्या बहिणी आपल्या मोहल्ल्यात आहेत. तो संयम एकटीचा नसतो, घर आणि शेजार तिच्यासोबत रोजा ठेवतात, म्हणूनच तो सोपा जातो. मगरिबनंतर लगेच पन्नी उघडली नाही, तर सोडण्यासाठी याहून चांगला महिना नाही.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, किंवा तीन बोटे उभी मावतील एवढे तोंड उघडत नसेल, तर ग्रामीण रुग्णालयात जायला उशीर करू नये. एकटी जायला ती घाबरेल, म्हणून सोबत कुणीतरी निघावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करून मोफत सल्लाही मिळतो.

आजारी शेजाऱ्याला भेटायला जाणे आपण पुण्याचे काम मानतो. तिला आजारी पडू न देणे हेही तितकेच मोठे काम आहे. अल्लाह आपल्या सर्वांना याची तौफीक देवो. आमीन.