सायकल काढा, पण पाम बीच सोडून

वस्तीतल्या तपासणीत कुणाची साखर किंवा रक्तदाब वाढलेला सापडला की आम्ही ‘रोज चाला’ असे सांगतो. त्यावर हमखास प्रश्न येतो, ‘ताई, चालायचे कुठे?’ प्रश्न बरोबर आहे. गल्लीत दोन माणसे शेजारून जाऊ शकत नाहीत, मुख्य रस्त्यावर डंपर धावतात आणि बाग गाठायची तर रिक्षाचे पैसे मोडतात. त्यात गुडघे दुखत असतील तर चालणेही नको वाटते. म्हणून या वेळी या पानावर सायकलविषयी आणि नवी मुंबईत ती कोणत्या रस्त्याने चालवावी याविषयी लिहीत आहोत.

सायकलचा व्यायाम म्हणजे घट्ट कपडे, परदेशी हेल्मेट आणि लाखभराची सायकल असा समज पसरला आहे. तो डोक्यातून काढून टाका. या शहरात पहाटे पाचला भोंगा वाजवत इडलीवाला येतो, पाववाला येतो, पेपर टाकणारा पोरगा येतो, रात्रपाळी करून वॉचमन दादा घरी निघतो. सगळे सायकलवर. हे शहर सायकलवरच जागे होते. कामावरून आल्यावर तीच सायकल दिवसभर भिंतीला टेकून असते. ती काढून रविवारी घरातल्या बाईने किंवा मुलीने तलावापर्यंत का जाऊ नये?

आणि तलाव तर आपल्याकडे भरपूर आहेत. सिडकोची स्थापना १९७० सालची. ९५ गावांची जमीन घेऊन हे शहर उभे राहिले. त्यात खाडीकाठची भातशेती होती, मिठागरे होती. ही जमीन इतकी सखल की मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राची पातळी तिच्यापेक्षा वर जाते. म्हणून खाडीकाठी धारण तलाव खोदले, ज्यांना आपण होल्डिंग पाँड म्हणतो. भरती आली की खाडीकडची झडप बंद होते आणि पावसाचे पाणी तलावात थांबते. ओहोटी लागली की झडप उघडते आणि पाणी खाडीत जाते. हॉलंडमध्येही सखल जमीन राखायला अशी पद्धत वापरली गेली. आता या तलावांत गाळ साचला आहे, कांदळवन वाढले आहे, तरी त्यांचे काठ शहरातल्या चांगल्या मोकळ्या जागांपैकी आहेत. तिकीट नाही, वर्गणी नाही.

पहिल्यांदा सायकल काढणाऱ्याने वाशीपासून सुरुवात करावी. सेक्टर १० मधले मिनी सी-शोअर, शेजारचे सागर विहार आणि जुहूगावच्या बाजूचा तलाव हा सपाट भाग आहे. चढ नाही, दम लागत नाही. सहा महिन्यांचा व्यायाम बुडालेल्या माणसालाही अर्धा तास सहज जमतो. संध्याकाळी मात्र तिथे खाऊच्या गाड्या आणि माणसांची दाटी असते, तेव्हा सकाळच बरी.

नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला पाणी आणि पक्षी दोन्ही आहेत. ज्वेल ऑफ नवी मुंबई हे नाव भारी असले तरी मूळचा तो धारण तलावच. आत सायकल न्यायची की बाहेर लावून चालत फिरायचे ते फाटकावर विचारा. पुढे करावे गाव, टी. एस. चाणक्यजवळची पाणथळ आणि डीपीएस शाळेमागचा तलाव. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत इथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच परिसरात काही फ्लेमिंगो मेलेले सापडले. तलावात भरतीचे पाणी येण्याचे मार्ग अडले आहेत, अशी तक्रार निसर्गप्रेमींनी लावून धरली. पाणी खेळते राहिले नाही तर शेवाळ माजते, डास वाढतात. पक्ष्यांचा प्रश्न म्हणून याकडे पाहू नका, काठावरच्या वस्तीच्या आरोग्याचाही तो प्रश्न आहे.

दिघा, इलठणपाडा, चिंचपाडा या बाजूच्या वाचकांना ऐरोली जवळ. सेक्टर १५ मधल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकापासून निघून खाडीकडे दिवा कोळीवाड्याच्या दिशेला गेलात की वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र लागते. समोर ठाणे खाडी. २०१५ मध्ये ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आली. मुलांना घेऊन जायला हा फेरा चांगला. परतताना स्मारकाच्या ग्रंथालयात तासभर बसता येते.

ज्यांचे पाय आता तयार झाले आहेत त्यांच्यासाठी डोंगर आहे. खारघरच्या डोंगरावर सिडकोने रस्ता नेला आहे. वर चाफेवाडी आणि फणसवाडी हे आदिवासी पाडे आहेत. चढ खडा आहे, पावसाळ्यात बंदी असू शकते, चौकशी करूनच जा. पावसाळ्यात पांडवकड्याकडे तर जाऊच नका. तिथल्या बंदीमागे बुडून गेलेली पोरे आहेत. वर पोचल्यावर हिवाळ्यात पिवळे पडलेले गवताळ माळ दिसतात आणि खाली सगळे शहर. पाड्यातल्या लोकांच्या अंगणात मात्र फोटो काढत शिरू नये. आपल्या वस्तीत कुणी असे शिरले तर आपल्याला कसे वाटते ते आपण जाणतो.

आम्हाला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो पनवेलहून नेरे, मालडुंगेमार्गे धोदाणीकडे जाणारा रस्ता. समोर माथेरानचा डोंगर, दोन्ही अंगांना भातखाचरे, मग झाडी, गाढी नदी आणि देहरंगचे धरण, ज्याला लोक गाढेश्वर म्हणतात. नेऱ्याजवळ कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. आमच्यातल्या नर्सिंग शिकलेल्या मैत्रिणी तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो, औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, हे अजून घरोघरी सांगावे लागते. पावसाळ्यात धरणाच्या पाण्यात उतरू नका. धोदाणीपर्यंत जाऊन येणे पहिल्या महिन्यात करू नका, नेऱ्यावरून मागे फिरा.

आता पाम बीच रोडचे. वाशी ते बेलापूर साधारण नऊ किलोमीटरचा, गुळगुळीत, शेजारी कांदळवन. सायकलवाल्याला मोह पडतोच. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे याच रस्त्यावर नेरूळजवळ अवतार सैनी यांना मागून आलेल्या टॅक्सीने उडवले. ते ६८ वर्षांचे होते, इंटेलच्या भारतातल्या कामाचे प्रमुख राहिलेले, पेंटियम प्रोसेसरच्या घडणीत सहभागी असलेले. मोठे नाव होते म्हणून बातमी मोठी झाली. पाववाला किंवा वॉचमन असता तर आतल्या पानावर चार ओळी आल्या असत्या.

पहाटे हा रस्ता रिकामा असतो, म्हणून तो सुरक्षित वाटतो. उलट आहे. रिकामा असतो म्हणूनच गाड्या सुसाट येतात. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. अंधारात गडद कपड्यातला सायकलस्वार चालकाला अगदी जवळ आल्यावरच दिसतो, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत ते २२ मीटर संपलेले असतात. म्हणून आम्ही सांगतो, पाम बीचवर व्यायामासाठी जाऊ नका, आणि ओलांडायचा असेल तर सिग्नलवर, सायकल हातात धरून ओलांडा.

ज्यांना कामासाठी अंधारात निघावेच लागते त्यांचे काय? मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, चाकांच्या आऱ्यांना आणि मागच्या मडगार्डला रिफ्लेक्टर, अंगावर फिकट रंगाचा शर्ट. हेल्मेट नवे घेणे जमत नसेल तर आधी दिवे घ्या. सायकल ट्रॅकची चर्चा आपल्याकडे नेहमी खाडीकाठच्या देखण्या रस्त्याची होते. खरी गरज ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत कारखान्यांत जाणारा कामगार तिथून सायकल मारतो, ट्रेलरच्या चाकाला चाक लावून. पालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज द्याल तेव्हा या रस्त्याचे नाव आधी लिहा.

आता तब्येतीचे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. सायकल चालवताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. सीट नीट लावा. पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली ठेवून चालवणाऱ्यांचे गुडघे दुखतात आणि मग दोष सायकलला येतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. घाम फुटणे, हात थरथरणे, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. लगेच थांबा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटे बसा, बरे वाटले की काही खाऊन घ्या. साखरेची पुडी खिशात असावी. पायाला बधिरपणा असेल तर चपलेवर नको, बंद बूट घाला. छातीत दुखले, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात गेले तर ‘गॅस असेल’ म्हणून पुढे जाऊ नका.

विदर्भातून इकडे आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. तिथल्या आदिवासी आणि बौद्ध समाजात त्याचे प्रमाण जास्त असल्याचे डॉक्टर फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढाचा रस्ता धरू नये. नुसता वाहक असलेल्यानेही उन्हात दमेपर्यंत सायकल मारू नये, तहान लागायची वाट न पाहता पाणी पीत राहावे. तपासणी झाली नसेल तर सरकारी रुग्णालयात करून घ्या, लग्नाच्या वयातल्या मुलामुलींची तर नक्कीच. ज्या बायकांचे रक्त कमी आहे त्यांनी आधी लोहाच्या गोळ्यांचा कोर्स करावा.

चाळिशीत सायकल शिकता येते का, असे बायका लाजत विचारतात. येते. दोन्ही पेडल काढून टाका, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्या आणि मैदानात पायांनी ढकलत फिरा. तोल दोन-तीन रविवारांत जमतो, मग पेडल लावा आणि सीट वर घ्या. पदर आणि ओढणी खोचून घ्या, साखळीत अडकली तर सायकल जागेवर थांबते आणि बाई पुढे पडते. हिवाळ्यात धुरके दाट असते, धूर जमिनीलगत साचतो, तेव्हा दम्याच्या रुग्णांनी उन्हे वर आल्यावर निघावे. तलावाकाठी जायचे तर पंचांगातली भरतीची वेळ बघून जा. भरतीला खाडीतला चिखल झाकला जातो, तेव्हा पक्षी या तलावांवर येतात.