अर्ध्या तासाची पिठलं-भाकरी

संध्याकाळी सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांतली पाळी सुटते आणि नगर रस्त्यावरून माणसं कोरेगाव भीमाकडे परतू लागतात. कित्येक घरांत नवरा-बायको दोघंही कामावर. पोरांना भूक लागलेली, हाताशी जेमतेम अर्धा तास, डब्यात बेसन आणि ज्वारीचं पीठ. एवढ्यावर पिठलं-भाकरी होते. कशी होते, हे कधी निरखून पाहिलंय?

फोडणीपासूनच बघा. मोहरीचा दाणा तो केवढा, पण त्याच्या पोटात किंचित ओलावा असतो. तेल तापलं की त्याची वाफ होते, टरफलाला ती कोंडून धरता येत नाही आणि दाणा तडतडतो. तेल पुरेसं तापल्याची याहून चांगली खूण कुठली? मग हळद आणि मिरची. हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात मात्र लगेच उतरतो. मिरचीच्या तिखटाचंही तेच. चमचाभर तेल कढईभर पिठल्याला रंग आणि चव पुरवतं!

आता बेसन. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गाठी होतात. का? स्टार्चचे कण साधारण सत्तर अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतात. गोळ्याच्या बाहेरचे कण क्षणात फुगून एकमेकांना चिकटतात आणि आत पाणी जाण्याची वाटच बंद होते. वळवाच्या पहिल्या सरीने वरची माती चिखल व्हावी आणि वीतभर खाली सगळं कोरडं राहावं, तसंच हे. म्हणून एक वाटी बेसन आधी गार पाण्यात कालवायचं. गार पाण्यात कण फुगत नाहीत, सुटे राहतात. ते मिश्रण फोडणीतल्या उकळत्या पाण्यात ओतून ढवळलं (पाणी सगळं मिळून तीन-साडेतीन वाट्या), की दोन मिनिटांत पातळ पाण्याचं दाट पिठलं होतं. झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ द्याच. हरभऱ्यात प्रथिनं पचू न देणारे काही घटक असतात. उष्णतेने ते निकामी होतात.

पण मला सगळ्यात थक्क करते ती भाकरी. गव्हाच्या कणकेला ग्लुटेन धरून ठेवतं. ज्वारीत ग्लुटेन नाहीच! मग हातावर थापताना ती फाटत का नाही? उत्तर आधणाच्या पाण्यात आहे. उकळतं पाणी पिठावर पडलं की थोडा स्टार्च परातीतच शिजतो, चिकट होतो आणि उरलेल्या पिठाला बांधून ठेवतो. विरी गेलेल्या पिठाची भाकरीसुद्धा उकड काढली की थापता येते, ती याच कारणाने.

तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. त्याने पृष्ठभाग ओला राहतो, तडकत नाही. उलटली की त्या बाजूचा पातळ पापुद्रा तयार होतो. मग निखाऱ्यावर किंवा गॅसच्या आचेवर धरली की आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. पापुद्रे अखंड असतील, तर त्या वाफेने भाकरी टम्म फुगते. एक बारीकशी भेग असली तरी वाफ निसटते.

गोड हवंय? गरम भाकरी कुस्करा, तूप आणि दौंडकडच्या गुऱ्हाळाचा गूळ घाला. मलिदा तयार. गरम असतानाच कुस्करायची, कारण भाकरी निवली की तिच्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होऊ लागतो आणि ती कडक होते.

या ताटाचा प्रवासही पाहा. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, हरभरा तुर्कस्तानाच्या बाजूचा, हिंग इराण-अफगाणिस्तानातला आणि मिरची पोर्तुगीजांबरोबर आलेली अमेरिकेची. त्यातली ज्वारी शिरूर-दौंडच्या काळ्या रानात अशी रुजली, की रब्बीत पावसाविना, जमिनीत मुरलेल्या ओलीवर उभी राहते. तिच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, हरभऱ्यात ते भरपूर. हरभऱ्यात मिथिओनिन कमी, त्याची उणीव ज्वारी बरीचशी भरून काढते. कुठल्याही प्रयोगशाळेने न सांगता शेतकरी घरांनी ही जोडी जमवली! 1995 मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायचं ठरवलं, तेव्हा हेच ताट निवडलं.

एकच सांगणं: ताटात लिंबाची फोड ठेवा. ज्वारी आणि हरभऱ्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करतं. आणि जेवल्याबरोबर चहा घेऊ नका, तो हेच लोह अडवतो.