कळा ओसरेपर्यंत सोबत: डूलाचा एक दिवस

पहाटे ४:००
मी डूला, म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी. एका पहिलटकरणीचा फोन येतो, "ताई, कळा सुरू झाल्यात." दहा-दहा मिनिटांनी येतायत, पण बोलताना तिचा श्वास अडत नाही. पाणी गेलेलं नाही, अंगावरून जात नाही, बाळ हलतंय. तिला म्हटलं, डॉक्टरांना कळव, मऊ भात खा आणि पडून राहा. पहिलटकरणीला झोपेची फार गरज असते, पुढे ती मिळत नाही.

सकाळी ८:००
पुण्यातच तिच्या घरी. कळ कमरेत धरतेय. तिला ओणवं करून माकडहाडाच्या जरा वर तळहाताने दाब देते. कळ चढते तसा दाब वाढवायचा, ओसरली की हात सैल. नवऱ्यालाही तसंच करायला लावते. तिसऱ्या कळेला त्यांचा हात नेमका बसतो.

सकाळी ११:००
हॉस्पिटल. पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलंय. सासूबाई घाबरतात, "अजून एवढंच?" जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांनुसार कळांचा खरा जोर पाच सेंटिमीटरनंतर धरला जातो, हे त्यांना समजावते. तपासणं, औषध देणं माझं काम नाही. ते डॉक्टर आणि सिस्टरांचं.

दुपारी २:००
फेऱ्या, घोट-घोट पाणी, आठवणीने लघवीला नेणं. सिस्टरांची ड्यूटी बदलते, त्यांना चार खाटा सांभाळायच्या असतात. मी मात्र हिच्याचपाशी. या अखंड सोबतीचा गुण २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात नोंदलाय. २६ अभ्यास, १५ हजारांवर बाया: सोबत असलेल्यांत नैसर्गिक बाळंतपणं जास्त, सिझेरियन कमी, कळांचा काळ थोडा आखूड.

दुपारी ४:३०
"नाही जमत मला. सिझर करून टाका." आठ सेंटिमीटरच्या सुमारास बऱ्याच जणी असं म्हणतात. मी तिचा चेहरा माझ्याकडे वळवते, तिच्याबरोबर लांब श्वास सोडते. डॉक्टर तपासतात, बाळाचे ठोके उत्तम. थांबायचं की नाही, हे तिने त्यांना विचारून ठरवायचं. सिझर करावं लागलं असतं, तरी मी सोबत सोडली नसती.

संध्याकाळी ६:४५
मुलगी! ओली, रडती, थेट आईच्या छातीवर. पहिल्या तासातच पाजायला घेते.

रात्री ९:००
घरी निघते. माझी फी सगळ्यांना परवडणारी नाही, हे मला ठाऊक आहे. पण सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण असावी, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच मान्य केलंय. आई, बहीण, मावशी, जी कोणी असेल तिला आत राहू द्या. चार गोष्टी आधी शिकवल्या, तर तीही ही सोबत करू शकते.