शंभर वॅट

आकाशवाणीवर निवेदक सांगत, "आता दिल्लीहून बातम्या सहक्षेपित करत आहोत." टीव्हीवर शब्द यायचा 'पुनःप्रक्षेपण'. मला दोन्ही एकच वाटत. ते नीट कळावं म्हणून काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, टेकडीवरच्या दूरदर्शन केंद्रात गेले. गाव त्याला नुसतं 'टॉवर' म्हणे.

ड्युटीवर एकटे काका. म्हणाले, "पुनः म्हणजे साठवलेलं परत दाखवणं. आम्ही साठवत नाही. आलं की त्याच घटकेला पुढे देतो. हे सहक्षेपण. आम्ही रिले म्हणतो."

छतावरची डिश उपग्रहाचा सिग्नल घेते, रिसीव्हर त्यातून चित्र-आवाज काढतो, ट्रान्समीटर ते घरच्या अँटेनाला पकडता येईल अशा लहरींवर चढवतो.

"ताकद किती?"

"शंभर वॅट."

जुन्या पिवळ्या दिव्याएवढी! पण टीव्हीच्या लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की अडतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. मधे सह्याद्री, म्हणून पुण्यासाठी १९७३मध्ये सिंहगडावर केंद्र उभं राहिलं. पुढे १९८४च्या सुमारास तालुक्या-तालुक्यात हे शंभर वॅट पोचले.

मराठी बातम्या चालू असताना वीज गेली. काका अंधारातच उठले. जनरेटर धडधडला, खोलीत डिझेलचा वास भरला. ट्रान्समीटरचा पंखा फिरू लागल्यावर त्यांनी तळहात त्याच्यासमोर धरला, तापल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. गरम वारा आला, मॉनिटरवर निवेदिका दिसली. मग नोंदवहीत लिहिलं: वीज खंडित, दोन मिनिटं.

"ती दोन मिनिटं?"

"गेली. मागे ठेवलेलं काही नसतं ना."

डिझेलचा वास आला की मला आजही तो तळहात आठवतो. आलेलं न बदलता, न थांबवता पुढच्याला देणं, याला नुसती नक्कल म्हणू नये. त्यात पाहणाऱ्याचा विश्वास राखणं आहे.

घरोघरी केबल आणि छत्र्या आल्या. मार्च २०२२पर्यंत मोजकी पन्नास सोडून देशभरातली अशी ॲनालॉग प्रक्षेपणं प्रसार भारतीने थांबवली. ज्यांच्या घरी पहिलं चित्र आलं ते अशाच एखाद्या टेकडीवरून, त्यांनी त्या शंभर वॅटची आठवण ठेवावी.