मनगटावरचं आरोग्य (भाग 6) : एकाच हाताचा घाम

मागच्या भागात घड्याळातला हिरवा दिवा नाडी कशी मोजतो ते पाहिलं. आज घामाकडे वळू, म्हणजेच रोझालिंड पिकार्ड यांच्या कामाकडे.

पिकार्ड मूळच्या विद्युत अभियंत्या. 1991 साली त्या अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये शिकवू लागल्या. 1997 मध्ये ‘अफेक्टिव्ह कम्प्युटिंग’ या पुस्तकात त्यांनी संगणकाला माणसाच्या भावनांची दखल घेता आली पाहिजे, असं मांडलं. पण भावना मोजायची कशी? त्यासाठी त्यांनी त्वचेचा आधार घेतला. आपण घाबरलो की तळहाताला घाम सुटतो. हा उन्हाचा घाम नव्हे. अनुकंपी चेतासंस्था घर्मग्रंथींना जागं करते आणि हाताला ओल जाणवण्याआधीच त्वचेतून वीज जास्त सहज वाहू लागते. त्वचेला धातूचे दोन ठिपके टेकवून अगदी क्षीण प्रवाह सोडला की हा फरक आकड्यांत दिसतो. प्रयोगशाळेत बोटांना वायरी लावून हे फार पूर्वीपासून करत असत. पिकार्ड यांच्या गटाने ते मनगटी पट्ट्यात आणलं.

एकदा नाताळच्या सुट्टीत त्यांच्या एका विद्यार्थ्याने असे दोन पट्टे घरी नेले. त्याचा धाकटा भाऊ स्वमग्न होता, बोलत नव्हता. त्याला कशाचा ताण येतो हे तरी कळावं म्हणून दोन्ही मनगटांवर एकेक पट्टा बांधला. पिकार्ड नोंदी पाहत होत्या. एके ठिकाणी त्या थबकल्या. एका हाताचा आलेख कधी नव्हे एवढा उंच गेला होता आणि दुसरा हात अगदी शांत! शरीराच्या एकाच बाजूला ताण कसा येईल? पट्टा बिघडला असणार, असंच त्यांना वाटलं. नाना तऱ्हेने तपासूनही दोष सापडेना, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्याच्या घरी फोन केला. त्याने भावाची टिपणवही उघडली. त्याच सुमारास भावाला फेफरं आलं होतं.

मला हा फोन फार मोलाचा वाटतो. आकडेवारीचं काम करणारे आपण सगळे चौकटीबाहेरचा आकडा चुकीचा ठरवून बाजूला सारायला टपलेले असतो. पट्टा फक्त घाम मोजत होता. काय घडलं, हे वहीत लिहिणाऱ्या थोरल्या भावालाच ठाऊक होतं. यंत्राची नोंद आणि घरच्यांची नोंद शेजारी ठेवली, तेव्हा कुठे अर्थ लागला.

पुढे बॉस्टनच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांसोबत अपस्मार (फेफऱ्याचा आजार) असलेल्या मुलांच्या मेंदूचा आलेख आणि मनगटाच्या नोंदी एकाच वेळी घेतल्या गेल्या. 2012 साली या गटाने दाखवून दिलं की मोठ्या झटक्यात त्वचेवरची उसळी जितकी मोठी, तितका वेळ मेंदूच्या लहरी नंतर मंदावून राहतात. अपस्माराच्या रुग्णांना कधी कधी अचानक, बहुधा झोपेत, मृत्यू येतो. त्या मृत्यूंशी या मंदावण्याचा संबंध असावा, अशी शंका अभ्यासकांना आधीपासून होती. त्यामुळे या निष्कर्षाचं वजन मोठं.

पिकार्ड सहसंस्थापक असलेल्या एम्पॅटिका कंपनीच्या ‘एम्ब्रेस’ घड्याळाला 2018 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. ते हाताचे झटके आणि त्वचेतला बदल दोन्ही पाहतं आणि जुळणी झाली की जवळच्या माणसाच्या फोनवर इशारा जातो. ते फेफरं थांबवत नाही आणि त्याचं भाकीतही करत नाही. त्याचं काम एवढंच, की कोणीतरी धावत यावं.

आणि धावत आलेल्याने काय करायचं, हे घड्याळाशिवायही आपल्या हाती आहे. फीट आलेल्या माणसाला चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळात वेळ बघा. झटके 5 मिनिटांत थांबले नाहीत तर 108 ला फोन करा. आणि तो पुरता शुद्धीवर येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका.